चिठ्ठी आण म्हटलं की ती मुलगी परत येत नाही

पत्र:

ताई नमस्कार,

मी कोपरखैरण्याला एका मेडिकलमध्ये काम करते. डी.फार्म झालंय, दुपारपासून रात्री बंद होईपर्यंत माझी ड्युटी असते. मागच्या रविवारी रात्री एक मुलगी आली, वीस-एकवीसची असेल. तोंडाने काही बोललीच नाही, मोबाईलवर आय-पिल असं टाईप करून स्क्रीन माझ्यासमोर धरली. संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती गोळी. मागे एक काका शुगरच्या गोळ्या घ्यायला उभे होते, ते वाकून बघायला लागले. मी ड्रॉवर उघडणार तेवढ्यात आमचे शेठ म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आण मग देऊ. ती तशीच निघून गेली. नंतर मी शेठना विचारलं तर म्हणाले, लग्न झालेलं दिसत नव्हतं, उद्या हिचा बाप दुकानात येऊन तमाशा करेल, आणि औषध प्रशासनाचे एफडीएवाले आले तर त्यांना काय सांगू?

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू का ताई, शेठचं मला थोडं पटतं पण. एक मुलगी आहे, महिन्यातून दोन-तीनदा तरी ही गोळी नेते, कधी तिचा मित्र येतो. तिला कोणीतरी थांबवायला नको का? आणि घरी आई म्हणते ही गर्भ पाडायची गोळी आहे, हे पाप तू आपल्या हाताने का करतेस. मला वाटतं सरकारने चिठ्ठी कंपल्सरीच करून टाकावी म्हणजे आमच्या डोक्याचा ताप जाईल. तुम्हाला काय वाटतं? आणि परत अशी कोणी आली आणि शेठ समोर असले तर मी काय करायचं?

– काउंटरवाली, कोपरखैरणे


उत्तर:

अगं, आधी कायद्याचंच सांगून टाकते, कारण शेठचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाची ही इमर्जन्सी गोळी आपल्या देशात २००५ पासून बिनाचिठ्ठीची आहे. त्याच्या आधी काही वर्षं ती चिठ्ठीवर मिळायची, मग केंद्र सरकारनेच चिठ्ठीची अट काढली. २००७ मध्ये सिप्लाने आय-पिल आणली, टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या आणि गोळीचं नाव घराघरात पोचलं, पुढे २०१० मध्ये तो ब्रँड पिरामलकडे गेला. २०२४ मध्ये आता चिठ्ठी लागणार अशा बातम्या फिरल्या होत्या, कदाचित शेठनी तेच कुठेतरी वाचलं असेल, पण नियम बदललेला नाही. आणि गिऱ्हाइकाचं लग्न झालंय की नाही हे तर दुकानदाराने विचारायचंच नाहीये, गळ्यात मंगळसूत्र आहे का हे बघून गोळी द्यायची असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

मग शेठ एफडीएला का घाबरतात? मला वाटतं दोन वेगळ्या औषधांची गल्लत झालीये. गर्भपाताचं जे किट असतं, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलचं, ते चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही, त्याला गर्भपाताचा एमटीपी कायदा लागतो, त्याची खरेदी-विक्रीची नोंद लागते. २०१२ मध्ये बीडचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजलं आणि त्यानंतर महाराष्ट्रात एफडीएने या किटवरून मेडिकलवाल्यांच्या मागे एवढा ससेमिरा लावला की बऱ्याच जणांनी किट ठेवणंच सोडून दिलं. तो धसका अजून गेलेला नाही आणि त्यात बिचारी ही दुसरी गोळीही सापडलीये. शेठना शांतपणे दोन्ही खोकी समोर ठेवून दाखव, एकावर चिठ्ठीची लाल रेघ आणि इशारा आहे, दुसरीचा नियम वेगळा आहे.

आईलाही हेच सांगायचं, जरा सोप्या भाषेत. ही गोळी अंडाशयातून बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीजच बाहेर आलं नाही तर गर्भ राहणार कुठून. आणि समजा गर्भ आधीच राहिलेला असेल, रुजलेला असेल, तर ही गोळी त्याला काहीही करत नाही, ना तो पडतो ना त्याला इजा होते. म्हणजे जो गर्भ नाहीच तो पाडायचा प्रश्न येतो कुठे. उलट ज्या मुलीला ही गोळी वेळेवर मिळत नाही तीच दीड महिन्याने गर्भपातासाठी धावपळ करत असते, हे मी स्त्रीरोगाच्या ओपीडीत नोकरी करताना बघितलंय, आणि आईंना गर्भपाताचं दुःख वाटत असेल तर त्यांनी तुला ही गोळी द्यायला सांगितलं पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, चिठ्ठी कंपल्सरी करावी का.

यात सगळा खेळ तासांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९८ चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की पहिल्या २४ तासांत गोळी घेतली तर जेवढ्या गर्भधारणा व्हायच्या होत्या त्यातल्या ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी घेतली तर ८५ टक्के, आणि तिसऱ्या दिवशी घेतली तर फक्त ५८ टक्के. खोक्यावर ७२ तास लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं तीन दिवस आरामात आहेत, पण तसं नाहीये, प्रत्येक तासाला गोळीची ताकद उतरत जाते. आता तुझी रविवार रात्रीची मुलगी घे. समज गोष्ट शनिवारी रात्री झाली. रविवारी दिवसभर ती घाबरून बसली, गुगल करत बसली, रात्री हिंमत करून तुमच्या दुकानात आली. म्हणजे पहिले २४ तास तिथेच गेले. शेठ म्हणाले चिठ्ठी आण. रविवारी रात्री कुठला डॉक्टर बसलाय? सोमवारी सकाळी कॉलेज किंवा ऑफिस, घरी काय सांगून निघायचं, संध्याकाळी क्लिनिक उघडलं तर पाचशे-सातशे रुपये फी, आणि फॅमिली डॉक्टरकडे तर जाताच येत नाही कारण तो पप्पांना ओळखतो. सरकारी दवाखान्यात जायचं म्हटलं तर केस पेपरच्या खिडकीवर ते सगळं मोठ्याने विचारणं, नाव काय, वय काय, लग्न झालंय का, नवऱ्याचं नाव काय, आणि मागे पन्नास बायका रांगेत. मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभी राहिलेली आहे गं, मला माहितीये कशा मुली नवऱ्याचं नाव विचारलं की पेपर तिथेच सोडून बाहेर पडतात. त्यांना नंतर कोणी शोधायला जात नाही. आपण म्हणतो चिठ्ठी मागितली की ती डॉक्टरकडे जाईल, पण प्रत्यक्षात ती दुसऱ्या दुकानात जाते नाहीतर घरी जाऊन देवाचं नाव घेत पाळीची वाट बघत बसते.

तामिळनाडूकडे बघ. तिथे कायद्याने बंदी नाही, आपल्याच देशाचा नियम आहे, तरी कित्येक वर्षं तिथल्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळणं मुश्किल झालंय. म्हणजे नियम चांगला असूनही दुकानदारांनी ठरवलं की नको ती भानगड, तर एका अख्ख्या राज्यातल्या बायकांचा रस्ता बंद होतो. तुमच्या शेठनी रविवारी तेच केलं, छोट्या प्रमाणात.

पण चिठ्ठी पाहिजे म्हणणाऱ्या सगळ्यांना मी झटकून टाकणार नाही, त्यात चांगले डॉक्टर आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. त्यांचं म्हणणं, मुली ही गोळी नेहमीचं साधन असल्यासारखी घेतात, लैंगिक आजारांची तपासणी राहून जाते, गर्भाशयाऐवजी नळीत गर्भ राहिला तर उशिरा कळतं, आणि कोवळ्या वयाच्या मुलीशी कोणी बोलतच नाही. सगळं बरोबर. अमेरिकेत याच भीतीवरून दहा वर्षं वाद चालला. २००३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञांनी २३ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की बिनाचिठ्ठी द्या, तरी २००४ मध्ये प्रशासनाने नाही म्हटलं, कारण काय तर लहान वयाच्या मुलींबद्दल पुरेशी माहिती नाही. मग २००६ मध्ये १८ च्या वरच्यांना दिली, ती पण काउंटरच्या मागे ठेवून वय बघून, आणि शेवटी कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे २०१३ मध्ये वयाची अट गेली. मधल्या काळात अभ्यास झाले, त्यांचा एकत्र आढावाही घेतला गेला. ज्या बायकांना ही गोळी आधीच घरात ठेवायला दिली होती त्यांनी कंडोम किंवा इतर साधनं सोडली नाहीत, असुरक्षित संबंध वाढले नाहीत, आजारही वाढले नाहीत. आणि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, त्याच आढाव्यात असंही दिसलं की गोळी हाताशी ठेवली म्हणून सगळ्या गटातल्या नको असलेल्या गर्भधारणा एकूण कमी झाल्या असं काही झालं नाही. म्हणजे ही गोळी समाजाचा प्रश्न सोडवत नाही, पण त्या रात्री त्या एका मुलीला जी मदत करायची ती करते, आणि बिघडवत तर काहीच नाही. मला एवढं पुरेसं आहे.

आणि डॉक्टरांना जी काळजी वाटते ना, की तिच्याशी कोणीतरी बोललं पाहिजे, ते चिठ्ठीने होत नाही. तुझ्याकडे रोज चिठ्ठ्या घेऊन माणसं येतात, किती जणांना डॉक्टरने नीट समजावलेलं असतं, तूच सांग. बोलायचं काम तुझं आहे. डी.फार्म उगीच केलंस का? गोळी देताना दोन मिनिटं, हळू आवाजात, एवढं जरी सांगितलंस तरी खूप झालं.

आत्ताच घे, घरी जाऊन सकाळी घेईन असं नको. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत एक घ्यावी लागेल. मळमळ, डोकं दुखणं, थोडा रक्तस्राव, पाळी चार-आठ दिवस पुढे-मागे, हे होऊ शकतं, घाबरायचं नाही. गोळी झालेल्या गोष्टीपुरती आहे, पुढच्या दिवसांसाठी तिचं काही संरक्षण नाही, उलट बीज बाहेर पडणं पुढे गेल्यामुळे त्याच महिन्यात नंतर जास्त जपायला लागतं, हे फार मुलींना माहीतच नसतं आणि तिथेच फसतात. टीबीची औषधं चालू आहेत का, फिटची औषधं चालू आहेत का, हे नक्की विचार, कारण रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यामुळे ही गोळी नीट काम करत नाही, आणि आपल्या भागात टीबीचे पेशंट किती आहेत तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वजन बरंच जास्त असेल तरी परिणाम कमी होऊ शकतो. अशा मुलीला, किंवा तीन दिवस उलटून गेलेत तिला, सांग की पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची आहे, वाशीच्या महापालिका हॉस्पिटलमध्ये जा, ठाण्याकडची असेल तर कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल आहे. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर युरिन टेस्ट कर. पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं तर थांबू नकोस, लगेच डॉक्टर. आणि एचआयव्हीपासून ही गोळी वाचवत नाही, तशी भीती असेल तर त्याची वेगळी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, सरकारी हॉस्पिटलला मिळतात.

हे सगळं वाचायला लांब वाटतंय पण बोलायला खरंच दोन मिनिटं लागतात, पाठ होऊन जाईल तुला.

आता ती महिन्यातून दोन-तीनदा येणारी. तिला थांबवायचं म्हणजे गोळी नाकारायची असं डोक्यात आणू नकोस. वारंवार घेतल्याने गर्भाशय खराब होतो, पुढे मूल होत नाही, हे जे बायका बोलतात त्यात तथ्य नाही, पण पाळीचं पार वेळापत्रक बिघडतं, आणि नेहमीच्या साधनांच्या मानाने ही गोळी कमजोरच आहे, वर्षभर तिच्यावरच भरवसा ठेवला तर कधी ना कधी दिवस राहायची शक्यता बरीच वाढते. पैसेही किती जातात बघ, एका वेळचे शंभर रुपये तरी. तिला एकदा दुकान रिकामं असताना विचार, तू हे दर वेळी का घेतेस, त्यापेक्षा सोपं काहीतरी सांगू का? रोजची माला-डी गोळी आहे. छाया आहे, ती लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली बिनहार्मोनची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, सरकारी केंद्रात फुकट. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. तुमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात हे सगळं मिळतं, ही इमर्जन्सी गोळीसुद्धा मिळते, आणि आशाताईंनी घरपोच द्यायची योजना २०११ मध्ये आली तेव्हा तिची किंमत दोन रुपये ठेवली होती. आणि तिचा मित्र आला की त्याच्याशीपण बोल, लाजू नकोस, गोळीच्या पिशवीत कंडोमचं पाकीट ठेवून सरळ सांग की हे वापरलंस तर तिला ते सहन करावं लागणार नाही. इतक्या वर्षांत मी हे सगळं ओझं फक्त मुलींच्या अंगावर पडताना बघितलंय आणि त्याचा मला खरंच राग येतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघत जा. मुलगी फार लहान दिसत असेल, रडलेली असेल, अंगावर खुणा असतील, किंवा सोबतचा माणूस तिला बोलूच देत नसेल, तर तिला गोळी दे, आणि त्या माणसाला कॅशकडे गुंतवून तिला एकच प्रश्न विचार, तुझ्या मनाविरुद्ध झालंय का? हो म्हणाली तर तिला सांग की कुठल्याही हॉस्पिटलला, सरकारी असो की खासगी, तिच्यावर लगेच आणि फुकट उपचार करावेच लागतात, आधी पोलीस तक्रार आणा असं कोणी म्हणू शकत नाही. १८ च्या खालची असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा लागतो आणि तुला कळलंय म्हटल्यावर ते कळवायची जबाबदारी तुझ्यावरही येते, तेव्हा मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन कर, मोठ्या बाईसाठी १८१ आहे. हे नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेव.

राहता राहिले शेठ. गिऱ्हाइकासमोर त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यात त्या मुलीचाच तमाशा होतो. दुपारी गर्दी नसते तेव्हा बोल. भिंतीवर फ्रेममध्ये जे लायसन्स लावलंय त्यावर फार्मासिस्ट म्हणून तुझं नाव असेल तर तुझ्या शब्दाला वजन आहे, ते वापर. म्हणावं, शेठ, बायकांच्या गोष्टी तुम्ही माझ्यावर सोडा, सॅनिटरी पॅड, प्रेग्नन्सी टेस्ट, ही गोळी, सगळं मी बघते, तुम्हाला बोलावंच लागणार नाही. बऱ्याचदा अशा माणसांना अवघडलेपणच जास्त असतं, कोणीतरी ते अंगावरून काढून घेतलं की ते खूश असतात. बाप येऊन तमाशा करेल म्हणाले तर सांग की बिनाचिठ्ठीचं औषध बिल करून दिलंय, आणि कोण काय घेऊन गेलं हे आपण कोणालाच सांगत नाही, बापालाही नाही आणि नवऱ्यालाही नाही, म्हणजे तमाशाला विषयच उरत नाही. आणि ते मागून वाकून बघणारे काका, त्यांना म्हणायचं, काका जरा दोन पावलं मागे थांबा, तुमचं लगेच देते. कोणाला राग येत नाही. मुलीने स्क्रीन दाखवली तर तू नाव मोठ्याने घेऊ नकोस, मान हलव, कागदात गुंडाळून दे.

आणि एवढं करूनही शेठ नाहीच म्हणाले, तर तुझी नोकरी आहे, मी तुला भांडून काम सोड म्हणणार नाही. पण आजूबाजूला कुठलं मेडिकल ही गोळी काही न विचारता देतं हे तू आजच माहीत करून घे, त्यातलं रात्री उशिरापर्यंत कुठलं उघडं असतं तेही बघून ठेव. मग पुढच्या वेळी शेठ चिठ्ठी आण म्हणाले की तिच्या मागोमाग पायरीपर्यंत जा, त्या दुकानाचं नाव आणि रस्ता सांग, चिठ्ठी लागत नाही म्हणून सांग, आणि आत्ता लगेच घे म्हणून सांग.